अर्जंट: नव्या लोकांसाठी एक पान

३ मार्च, सोमवार

सकाळी कारखान्यात कवळ्यांच्या कामाचे एकेचाळीस ट्रे आले आणि त्यांतल्या तेहतिसांवर लाल चिठ्ठी. लाल म्हणजे अर्जंट. तेहतीस जण अर्जंट असतील तर उरलेल्या आठ जणांनी काय पाप केलंय, असं मी धाकट्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तेच तर, बाई. तुम्ही एक पान लिहून काढा. अर्जंट म्हणजे काय, कधी म्हणायचं, कधी नाही म्हणायचं. नव्या माणसांच्या हातात पहिल्याच दिवशी देऊ."

मी म्हटलं, मी दात बसवते, निबंध लिहीत नाही. तर म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे." बावीस वर्षं इथे घासल्यावर माझ्याबद्दल या माणसाला एवढंच सांगता आलं.

नवी माणसं दोन. एक मुलगी कालपर्यंत बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढत होती. हात हलका आहे, मेणकामाला तोच लागतो. दुपारपर्यंत सगळ्यांनी तिचं नाव केकवाली करून टाकलं. दुसरे गृहस्थ पन्नाशी उलटलेले, पंचवीस वर्षं बसचे कंडक्टर, गुडघे गेले म्हणून ती नोकरी सोडलेली. ते आवक-जावक टेबलावर बसणार. दोघांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं: दातांचे डॉक्टर हिरड्यांचं माप पाठवतात, आपण त्यावरून साचा करतो, मेणात दात बसवतो, ते डॉक्टरांकडे जाऊन पेशंटच्या तोंडात बघून परत येतात, मग मेण काढून पक्की कवळी होते. कंडक्टरांनी एकच विचारलं, "आणि तोपर्यंत माणूस खातो काय?"

मी म्हटलं, पातळ. घरी आले तर आई पातळच खात होती. तिचे शेवटचे सहा दात ऑक्टोबरात काढले, तेव्हापासून सूप आणि कुस्करलेलं केळं. "पोटभर जेवलीस का?" म्हटलं तर मान हलवते. हल्ली तोंडानं बोलायचा कंटाळाच करते.

४ मार्च, मंगळवार

शब्दकोश काढून बसले. अर्जंट: तातडीचे, निकडीचे. तातडी कोणाची, हे काही शब्दकोश सांगत नाही. तिथेच सगळा घोळ आहे. डॉक्टरांना घाई असते, त्यांच्या मदतनीस बाईंना ट्रे टेबलावरून हलवायची घाई असते, आमच्या साहेबांना डॉक्टर नाराज होऊ नयेत याची घाई असते. ज्याच्या तोंडात दात नाहीत तो या यादीत कुठेच नाही.

पहिला खर्डा असा झाला:

*"अर्जंट हा शब्द आपल्याकडे सगळे वापरतात. 'लवकर दे', 'विसरू नकोस', 'मी साहेबांचा ओळखीचा आहे', 'मी हे पाठवायला उशीर केला, आता तू धाव' या सगळ्यांऐवजी एकच शब्द म्हणजे अर्जंट. नव्या माणसाने तो ऐकून घाबरू नये."*

धाकटे साहेब म्हणाले, हे भिंतीवर लावता येणार नाही. मी म्हटलं, खरं आहे म्हणून का? ते हसले. मला हसू आलं नाही.

कंडक्टरांना वाचायला दिलं. म्हणाले, "बाई, बसमध्ये चढणारा प्रत्येक जण अर्जंटच असतो. थांब्यावर बस थांबायच्या आत चार जण ओरडतात. पण जो खरा अडलेला असतो ना, तो मागच्या दारात गप उभा असतो. त्याला वाटतं, बोललो तर उतरवतील." या माणसाला बसशिवाय दुसरं काही सुचत नाही असं दिसतं.

६ मार्च, गुरुवार

डोकं उठलंय. एका डॉक्टरांनी तर लाल शिक्काच करून घेतलाय. माप घ्यायच्या आधीच चिठ्ठीवर मारून ठेवतात, म्हणजे पाठवताना आठवण ठेवायला नको. त्यांच्या मदतनीस बाईंना फोन करून विचारलं, यातलं नेमकं कुठलं आधी करू? त्या म्हणाल्या, "सगळंच अर्जंट आहे हो." मी म्हटलं, सगळंच आधी करता येत नाही, आधी म्हणजे कुणाच्या तरी आधी. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या एका पेशंटला फोटो काढायचाय म्हणून चार दिवसांत वरचे दात हवेत. दिले. बसवताना मनात म्हटलं, हस बाबा पोटभर.

संध्याकाळी कंडक्टर रजिस्टर घेऊन आले. त्यांनी तीन दिवसांत सगळे ट्रे तारखेनं लावून टाकलेत. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. म्हणाले, "बाई, वरच्या फळीवर एक ट्रे आहे, एक फेब्रुवारीचा. मेणाच्या कडा झाल्यात, वरचा-खालचा जबडा कसा मिटतो तेही नोंदवून झालंय, नुसते दात बसवायचेत. त्याच्या पुढे अकराशे बारा ट्रे निघून गेले. हा कधी निघायचा?"

मी चिठ्ठी न बघताच ओळखलं. ते घरचं आहे म्हटलं, माझ्या आईचं. चिठ्ठीवर मीच लिहिलंय: घरचं आहे, सवडीने. इथे पहिल्या दिवसापासून मी एक पथ्य पाळलंय, घरच्या माणसाचं काम रांगेच्या पुढे घ्यायचं नाही. बाकीचे घेतात. एकानं तर भाऊजींच्या मेव्हण्याचे दात दोन दिवसांत करून नेले. मला ते जमत नाही.

"पुढे घ्यायचं नाही, कळलं," कंडक्टर म्हणाले. "पण रांगेत तरी आहे का ते?"

मी म्हटलं, सवड झाली की करू. ते "बरं" म्हणून गेले. हे "बरं" मला आवडलं नाही.

९ मार्च, रविवार

दर रविवारी अकराला मोठ्या मावशीचा फोन येतो. आई आणि मावशी, पाच भावंडांतल्या या दोघीच आता उरल्यात. मावशी आईहून सात वर्षांनी मोठी, आईला अजून 'शहाणी' म्हणून हाक मारते. पूर्वी तास तास चालायचं. घरातली सगळी कामं माझ्यावर टाकून आई खुर्चीत पाय वर घेऊन बसायची.

आज फोन वाजला आणि आईनं हातानंच खूण केली, झोपलेय म्हणून सांग. समोर बसून वाटाणे सोलत होती! मी मावशीला खोटं सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा झोपली? बरी आहे ना गं?" मी म्हटलं, बरी आहे, वय झालंय. मावशी म्हणाली, "वय तर माझंही झालंय."

हे जानेवारीपासून चाललंय. दात काढल्यावर हिरड्या दुखतात म्हणून दोन महिने मीच मावशीला निरोप द्यायचे, मग जानेवारीत एकदाच बोलल्या, तेही दोन मिनिटं. मावशीनं काहीतरी विचारलं, आईनं मध्येच फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तेव्हापासून फोन घेत नाही. विचारलं तर "काही नाही". आता या वयात बहिणी-बहिणींचे रुसवेफुगवे मी काढत बसू का? एकीचं वय सत्त्याऐंशी, दुसरीचं ऐंशी. माझ्या डोक्याला तेहतीस लाल चिठ्ठ्या काय कमी आहेत?

जेवताना मी जरा चिडूनच म्हटलं, तुझी कवळी झाली की तुला सूप करायचं बंद, मग चावून खा. आई म्हणाली, "होईल गं सवडीनं. काही घाई नाही." तोंडापुढे हात धरून म्हणाली. हल्ली हा एक नवीनच नखरा.

१० मार्च, सोमवार

साहेबांशी एक तास भांडून नियम पास करून घेतला. आठवड्याला फक्त दहा लाल चिठ्ठ्या. चिठ्ठीवर नंबर, नंबर रजिस्टरात. आणि रजिस्टरात एक रकाना: काय थांबलं आहे? कारण नको, ओळख नको, डॉक्टरांचं नाव नको. दात नसल्यामुळे त्या माणसाचं काय थांबलंय ते एका शब्दात लिहायचं. लिहिता येत नसेल तर लाल चिठ्ठी मिळणार नाही.

रजिस्टर कंडक्टरांकडे. त्यांनी दुपारी घरून जुना तिकिटांचा पंच आणला. वापरलेल्या चिठ्ठीला भोक पाडणार, म्हणजे तीच चिठ्ठी पुन्हा फिरायला नको. खट् असा आवाज होतो. साहेब म्हणाले, ऑफिसात हे काय? मी म्हटलं, राहू द्या.

नव्या पानात लिहिलं:

*"अर्जंट म्हणजे लवकर नव्हे. लवकर तर सगळ्यांनाच हवं असतं. ज्याचं काहीतरी थांबून राहिलंय आणि जे उशिरा सुरू होऊन उपयोग नाही, ते अर्जंट. कोण किती मोठ्यानं मागतो, यावर ते ठरत नाही."*

शेवटचं वाक्य कंडक्टरांचं आहे खरं म्हणजे. मी तसं सांगितलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

तीन दिवसांत दहाच्या दहा चिठ्ठ्या संपल्या. रकान्यात काय काय लिहून घ्यावं लागलं: "फोटो". "पाहुणे". "पेशंट चिडका आहे". एकानं लिहिलं "जगणं", आणि तो माणूस मी ओळखते, त्याची जुनी कवळी चांगली ठणठणीत आहे, नवी नुसती रंगासाठी करतोय. मी अशा सगळ्यांवर फुल्या मारल्या. शिक्केवाल्या डॉक्टरांनी साहेबांना फोन केला. साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, जरा तडजोड करा." मी म्हटलं, पान तुम्हीच लिहायला लावलंत. आता ते मी वाचणार, तुम्हीही वाचा.

दहांत फक्त एक खरं होतं. एका बाईंच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, "शिकवणं". शाळेत शिकवतात, दोन महिने रजेवर. त्यांचे दात मी आजच बसवले. केकवालीनं पुढचे सहा दात बसवायला मदत केली, मी काही न सांगता ओळ बरोबर आली. मी तिला छान म्हटलं नाही, म्हणायला हवं होतं.

ती विचारत होती, "बाई, कवळीशिवाय माणूस बोलतो कसा?" मी म्हटलं, बोलतो, पण फुसफुस होतं. जीभ आणि ओठ दातांवर टेकतात, ते टेकायलाच काही नसतं. ओठ आत जातात, चेहरा वेगळा दिसतो, आवाजही वेगळा लागतो. ओळखीच्या माणसाचासुद्धा. तिला मी अर्धा तास शिकवत होते.

१६ मार्च, रविवार

पुन्हा तेच. अकरा वाजता फोन, आई बाथरूममध्ये जाऊन बसली. नळसुद्धा सोडला नाही, नुसती बसली. या वेळी फोनवर मावशी नव्हती, तिचा मुलगा, माझा मावसभाऊ दादा होता. म्हणाला, "अगं, मावशीला एकदा फोनवर दे ना. आई सकाळपासून तयार होऊन बसलीय." मी म्हटलं, दादा, मी काय करू, ती रुसलीय. कशावरून ते तुझ्या आईला विचार. तो म्हणाला, "आई म्हणते तिला काही आठवत नाही, ती काय बोलली ते."

मग मी बाथरूमच्या दाराशी उभी राहून बोलले. खूप बोलले. म्हटलं, मावशीनं तुला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय, तुझं शिक्षण तिनं केलं, आणि तू दोन मिनिटं बोलू शकत नाहीस? एवढा कसला अहंकार? दहा मिनिटांनी बाहेर आली, तोंड धुतलेलं. रुमाल तोंडाशी. कपडे वाळत घालायला गेली.

मला फार राग आला. राग लिहून ठेवतेय, म्हणजे उद्या कामावर न्यायला नको.

१९ मार्च, बुधवार

दुपारी दादाचा फोन कारखान्यातच आला. मावशीचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, पुढच्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला. डॉक्टरांनी वय बघून स्पष्ट सांगितलंय. "आई एकच म्हणते," दादा म्हणाला, "आत जायच्या आधी एकदा शहाणीशी बोलायचंय. रुसली असेल तर मी माफी मागते म्हण."

अर्धा दिवस रजा टाकून घरी आले. आईला समोर बसवून सांगितलं. वाटलं, रडेल. ती नुसती भिंतीकडे बघत राहिली. मग मी पुन्हा तेच बोलायला लागले, अहंकार, रुसवा. तर तिनं तोंडावरचा रुमाल काढला. बऱ्याच दिवसांत मी तिचं तोंड सरळ बघितलं नव्हतं. ओठ आत गेलेले. हनुवटी नाकाजवळ आलेली. रोज पन्नास साचे बघते मी असे.

ती म्हणाली, सावकाश, प्रत्येक शब्द दोनदा जुळवत, "तिनं मला विचारलं, कोण बोलतंय."

मला कळेना. "कधी?"

"जानेवारीत. मी म्हटलं, ताई, मी. ती म्हणाली, कोण मी? मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, अहो, माझ्या बहिणीला फोन द्या जरा." आईनं रुमाल मांडीवर ठेवला. "अहो म्हणाली मला. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? कवळी अडलीय, लवकर कर, एवढं म्हणता आलं नाही?

"तुझ्यामागे किती काम असतं," ती म्हणाली. "लोकांची अडलेली. रोज सांगतेस ना तू. माझं काय, घरातलंच."

काय लिहू? रविवारी मी बाथरूमच्या दाराशी उभी राहून काय काय बोलले ते सगळं आठवतंय. मी फार वाईट वागले. सोळा तारखेचं पान फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही, राहू दे तिथेच.

२० मार्च, गुरुवार

सकाळी आठलाच गेले. कंडक्टर रजिस्टर उघडून बसले होते. या आठवड्याच्या नऊ चिठ्ठ्या गेलेल्या, एक शिल्लक. मी म्हटलं, ती मला द्या. ते म्हणाले, "साहेबांनी सकाळी फोन करून ठेवलाय, शिक्केवाल्या डॉक्टरांच्या पेशंटसाठी. कसला तरी सत्कार आहे त्यांचा."

"त्यांनी रकाना भरलाय?"

"नाही. दुपारी भरतील म्हणाले."

मी हात पुढे केला. कंडक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, पेन दिलं आणि रकान्यावर बोट ठेवलं. मला संताप आला. माझाच नियम, माझंच रजिस्टर, आणि हा माणूस मला तिकीट विचारतोय! मग लक्षात आलं की तो मला बसमध्ये घेतोय.

काय थांबलं आहे? मी लिहिलं, "बोलणं".

खट्. भोक पडलं. कंडक्टर खुर्चीवर चढून वरच्या फळीवरचा ट्रे स्वतः काढायला गेले, त्या गुडघ्यांनी. धूळ पुसून माझ्या टेबलावर ठेवला.

साहेब अकराला आले. म्हणाले, "बाई, घरचं काम? तुम्ही? मग बाकीच्यांना कोणत्या तोंडानं नाही म्हणू?" बावीस वर्षांत त्यांना मला हे म्हणायची संधी मिळाली नव्हती. मी म्हटलं, रजिस्टर बघा. त्यांनी बघितलं. मग शिक्केवाल्या डॉक्टरांना फोन लावायला त्यांना दोन वेळा चहा लागला.

दिवसभर दात बसवले. आईचा समोरचा डावा दात शेजारच्यावर थोडा चढलेला असायचा, कायम. केकवाली म्हणाली, "बाई, हा तिरका झालाय, सरळ करू?" मी म्हटलं, नको, तो तसाच आहे. शेवटचे दोन तिला बसवायला दिले. छान झालेत. या वेळी तसं म्हटलंही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी मेणातली ट्रायल. आईला घेऊन डॉक्टरांकडे. ट्रे मीच पिशवीत घातला आणि मूर्खासारखी जुनी चिठ्ठी त्यावर तशीच राहिली. बाकावर बसल्या बसल्या आईनं ती सोडवली, चष्मा लावून वाचली. घरचं आहे, सवडीने. माझं चांगलं अक्षर. मी दुसरीकडे बघत राहिले. तिनं चिठ्ठीची घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिली. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी तिच्याकडून आकडे म्हणवून घेतले. सासष्ट, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. शिट्टीसारखा थोडा आवाज आला, मी जागेवरच सुरीनं मेण हलवून दात केसभर मागे घेतला. पुन्हा सदुसष्ट. डॉक्टरांनी आरसा दिला. आई समोरच्या तिरक्या दाताला बोट लावून बघत होती. "हा तुझ्या लक्षात होता?" म्हणाली. मी डॉक्टरांना भलतंच काहीतरी विचारलं.

दुपारी मेण काढलं, साचा भरला, गरम पाण्यात ठेवला. त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, तिथे कुणाची लाल चिठ्ठी चालत नाही. उद्या घासून पुसून संध्याकाळी तोंडात.

२२ मार्च, शनिवार

बसली. उजवीकडे थोडी टोचतेय, तिथे डॉक्टरांनी घासून दिलं. पण बोलणं? मला वाटलं होतं, दात बसले की झालं. मी कवळ्या करते, पुढचं बघायला कधी गेलेच नाही. आईच्या तोंडात जणू कुणीतरी पाहुणा येऊन बसलाय. लाळ सुटते, जीभ अडते, दात एकमेकांवर खटखट वाजतात. डॉक्टर म्हणाले, सवय व्हायला पंधरा दिवस, मोठ्यानं वाचत जा. मी म्हटलं, आम्हाला उद्या अकरा वाजताचं हवंय. ते म्हणाले, "अर्जंट का?" आणि हसले.

आल्यापासून आई मोठ्यानं वाचतेय. पेपर संपला. औषधाच्या खोक्यावरचं वाचलं. मग माझं अर्जंटचं पान सापडलं ते वाचलं, दोनदा. "जे उशिरा सुरू होऊन उपयोग नाही" इथे दर वेळी अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मला ऐकवत नाही. मी भांडी घासायच्या निमित्तानं आत येऊन हे लिहितेय.

२३ मार्च, रविवार

पावणेअकरापासून खुर्चीत. पाय वर घेतलेले नाहीत, खाली घट्ट टेकलेले. अकराला फोन वाजला. मी उचलून स्पीकर चालू केला आणि तिच्या हातात दिला.

"ताई," आई म्हणाली. दात वाजले.

मग मावशीचा आवाज, लांबून आल्यासारखा, "कोण बोलतंय?"

मी डोळे मिटून घेतले. आता ही फोन माझ्या हातात देणार. मी हात पुढेही केला होता. आईनं तो बाजूला सारला.

"मी," ती म्हणाली. "शहाणी. दात नवीन बसवलेत, म्हणून असं येतंय. तू फोन ठेवू नकोस. मी सावकाश बोलते, तू सावकाश ऐक."

मग मावशी रडायला लागली आणि रडता रडता रागवायला लागली. "अगं मेले, तीन महिने कुठे होतीस? मी इथे रोज आठवतेय, मी काय बोलले, काय बोलले. कुठे होतीस?"

आईनं माझ्याकडे बघितलं. चष्म्याची डबी तिच्या मांडीवरच होती. मी तयार होते. तिनं सांगायलाच हवं होतं, सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"अगं, काही नाही," आई म्हणाली. "इथे कामाची फार गर्दी होती."

मग मला हातानं खूण केली, जा, स्वयंपाकाचं बघ. दारातून बघितलं तर पाय वर घेतले होते.

२४ मार्च, सोमवार

पान पुन्हा लिहून साहेबांना दिलं. शेवटी दोन ओळी वाढवल्यात:

*"जे अर्जंट म्हणत नाहीत त्यांचेही ट्रे आठवड्यातून एकदा खाली काढून बघावेत. चिठ्ठीवर 'सवडीने' असेल तर ते कोणी लिहिलंय तेही बघावं."*

साहेब म्हणाले, हे जरा जास्त होतंय, भिंतीवर जागा पुरणार नाही. मी म्हटलं, अक्षर बारीक काढते.

चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी काल रात्री आईकडे मागितली होती. दिली नाही. म्हणाली, असू दे. का ते विचारायचं धाडस झालं नाही. परवा निघून आम्ही दोघी मावशीकडे जातोय. ऑपरेशनचं काय होईल ते गुरुवारी कळेल.

निघताना कंडक्टरांनी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी आपल्या मनानं शेवटी एक नवा रकाना आखलाय: झालं का? ज्यानं चिठ्ठी घेतली त्यानंच भरायचा. गेल्या आठवड्याच्या नऊ ओळी रिकाम्या होत्या, कुणी परत येऊन काही सांगितलेलंच नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंच्या त्याआधीच्या आठवड्यातल्या ओळीपुढे तेवढं "हो" होतं, त्या स्वतः येऊन लिहून गेल्या म्हणे.

दहाव्या ओळीत, "बोलणं" याच्यापुढे, मी लिहिलं: झालं. बावन्न मिनिटं.